जुनी सेलबोट घ्यायचीय? मग बोट नंतर, आधी ब्रोकर धरा

आम्ही इथे अमेरिकेत, मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला बोट ठेवतो हे कळल्यापासून मंडळाच्या गणपतीत दोघं-तिघं तरी मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, केवढ्याला पडली, आणि आम्हाला पण घ्यायचीय तर सुरुवात कुठून करायची. दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे सगळं चेसापीक बे या इथल्या मोठ्या खाडीतल्या जुन्या सेलबोटींबद्दल, म्हणजे शिडाच्या बोटींबद्दल आहे बरं का, ३० ते ३६ फुटी, ५० हजार डॉलरच्या आतल्या. मोठ्या यॉटवाल्यांचं जग वेगळं, ते काय माझं वाचत बसणार नाहीत.

माझी चूक आधी सांगून टाकतो. यॉटवर्ल्ड या बोटींच्या जाहिरातींच्या साइटवर एक बोट दिसली, फोटो एकदम झकास, खाली नंबर होता, लगेच लावला फोन. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला म्हणून सांगू, अर्धा तास गप्पा झाल्या, मी त्याला माझं बजेट सांगितलं, बायकोला फोटो किती आवडलेत ते सांगितलं, उन्हाळ्याच्या आत पाहिजे ते पण सांगितलं. आणि तो होता विकणाऱ्याचा ब्रोकर! म्हणजे बोट डोळ्यांनी बघायच्या आधीच मी हातातले सगळे पत्ते समोरच्याला दाखवून मोकळा. ती बोट दुसऱ्याच कोणीतरी नेली, माझं नशीब.

हा माणूस नक्की कोणाचा, ते आधी कळू द्या

दलाल म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. गावाकडे जमिनीचा एजंट दोन्हीकडून खातो हे आपण लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे आपलं पहिलं डोकं असं चालतं की मधला माणूस काढून टाकला तर तेवढे पैसे वाचतील. इथे ते गणित बसत नाही. साधारण पद्धत अशी की विकणारा त्याच्या ब्रोकरला विक्रीच्या किमतीवर १० टक्के कमिशन देतो. घेणाऱ्याने स्वतःचा ब्रोकर आणला तर तेच १० टक्के दोघांत वाटून घेतात, बहुतेक वेळा अर्धं अर्धं. तुम्ही एकटे गेलात म्हणून ते ५ टक्के तुमच्या खिशात येत नाहीत, सगळे १० टक्के समोरच्याच ब्रोकरकडे जातात. म्हणजे तुमच्या बाजूचा माणूस तुम्हाला वेगळे पैसे न देता मिळतोय आणि आपण त्यालाच टाळतोय.

आता हेच उलट्या बाजूने पण बघा, कारण हे कळलं की ब्रोकर असा का वागतो ते समजतं. समजा ३२ हजारांची बोट. कमिशन ३२००, त्यातले अर्धे १६००, त्यातला वाटा त्याच्या कंपनीला, म्हणजे तुमच्यामागे तीन महिने फिरून त्या माणसाच्या हातात आले ८००-९०० डॉलर. बऱ्याच कंपन्यांचं कमीत कमी कमिशन ठरलेलं असतं, म्हणून चांगले ब्रोकर स्वस्त बोटीच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणत नाहीत, पण तुम्ही नुसते टाइमपास करणारे वाटलात तर तुमचा फोन उचलायला त्यांना दोन दिवस लागतात. यात त्यांचा दोष नाही. लहान बजेटवाल्याने त्याचा वेळ फुकट घालवायचा नाही, एवढं पाळलं तरी तो तुमच्यासाठी मोठ्या बजेटवाल्याइतकंच काम करतो असा माझा अनुभव.

कधी कधी एकच ब्रोकर दोन्ही बाजू सांभाळतो. बेकायदा नाही, दोघांना सांगून करतात, पण पहिल्यांदा बोट घेणाऱ्याने त्या फंदात पडू नये असं माझं सरळ मत.

ब्रोकरला फोन करण्याआधीचा गृहपाठ

एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. बोट कुठे ठेवणार, कोण कोण येणार, नुसतं दिवसभर फिरून परत की रात्री मुक्काम, आणि खरे पैसे किती. खरे म्हणजे, तुमच्याकडे ४० हजार असतील तर बोट ३२-३३ ची बघायची. वरचे लागतातच. टॅक्स, सर्व्हे (म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी), विमा, आणि पहिल्या वर्षी बोट जे मागते ते. दर वर्षी बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के खर्च धरा असा इथल्या लोकांचा ठोकताळा आहे, आणि माझ्या पहिल्या वर्षात तो कमीच पडला.

जागेवरून बोट कशी ठरते त्याचं एकच उदाहरण. चेसापीक बे लांबीला जवळजवळ २०० मैल आहे पण सरासरी खोली फक्त २१ फूट, आणि नांगर टाकायला ज्या सुंदर खाड्या आहेत ना, तिथे तर त्याहून कितीतरी कमी. सहा-साडेसहा फूट पाण्याखाली जाणारी रेसिंगची बोट स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीत तर दर शनिवारी चिखलात रुतून बसाल. पाच फुटांच्या आत असलेली बरी. म्हणून आम्ही कॅटालिना ३४ या मॉडेलची विंग कीलवाली शोधत होतो, तिची कील, म्हणजे बुडाखालचा पाण्यात जाणारा भाग, आखूड असते. पुढेमागे इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या जलमार्गाने, फ्लोरिडाकडे जायचं डोक्यात असेल तर डोलकाठीची उंची पण बघा, त्या वाटेवरचे न उघडणारे पूल साधारण ६५ फुटांचे आहेत. तुमच्या गरजा ऐकल्यावर ब्रोकरने स्वतःहून हे विषय काढले नाहीत, तर तो तुमचं ऐकत नाहीये असं समजा.

ब्रोकर निवडायचा कसा

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात यॉट ब्रोकरला राज्याचं लायसन्स लागतं, बहुतेक राज्यांत तसलं काही नाही, त्यामुळे कार्ड छापलं की झाला ब्रोकर. नावापुढे सीपीवायबी हे यॉट ब्रोकरांचं सर्टिफिकेट असेल तर त्याने परीक्षा दिलेली असते आणि अनुभवाची अट पूर्ण केलेली असते. चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर जाऊ नका. मरिनात, म्हणजे बोटी लावून ठेवतात तिथे, ज्यांच्याकडे तुम्हाला हवी तसली बोट आहे त्यांना विचारा. बोटवाले लोक बोलायला टपलेलेच असतात, एक प्रश्न विचारलात तर तासभर सुटका नाही.

आणि मग दोन-तीन ब्रोकरांना प्रत्यक्ष भेटा. मी विचारलेले प्रश्न असे: तुम्ही स्वतः सेलिंग करता का. गेल्या वर्षभरात या साइजच्या किती बोटी विकल्यात. डिपॉझिट कुठे ठेवता, वेगळं एस्क्रो खातं, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवायचं खातं, आहे ना. आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा, मी म्हणतोय ती बोट मला का घेऊ नये ते सांगा.

या शेवटच्या प्रश्नावर एक जण म्हणाला, छे छे, सुंदर बोट आहे, उद्याच बघू. दुसरा पासष्टीचा म्हातारा, हातावर इपॉक्सीचे डाग, त्याने चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, हा डेकवरचा रंग नवा आहे, फक्त डोलकाठीभोवतीच नवा का बरं? तिथल्या तिथे ठरवलं, हाच आपला माणूस. नंतर त्याने आम्हाला तीन बोटी घेऊ दिल्या नाहीत. ज्याला बोट विकूनच पैसे मिळणार तो माणूस ही नको म्हणतोय, याहून मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही.

एकदा माणूस ठरला की मग एकाशीच राहा. चार ब्रोकरांना कामाला लावून कोण आधी आणतो ते बघू, ही हुशारी इथे अंगाशी येते, सगळे एकमेकांना ओळखतात. आणि स्वतः जाहिरात बघून फोन केलातच तर पहिल्या वाक्यात सांगा की माझा ब्रोकर आहे, त्याचं नाव अमुक. हे नंतर सांगितलंत तर कमिशनवरून दोघांत वाद लागतो आणि तुमचा सौदा मधल्या मध्ये लटकतो.

बोटी बघताना

पहिल्या फेरीत त्याने आम्हाला मुद्दाम पाच बोटी दाखवल्या, त्यातल्या दोन आम्ही कधीच घेतल्या नसत्या अशा. तेव्हा वैतागलो होतो, पण त्या दोन बघितल्यावरच बायकोला कळलं की तिला पायऱ्या कमी उभ्या हव्यात आणि मला कळलं की सहा फुटांपेक्षा कमी उंचीची केबिन नको. आतलं दार उघडताना पहिला श्वास नाकाने घ्या. डिझेल, कुबट ओल, संडासाच्या होजचा वास, तिन्हीचा खर्च वेगवेगळा. खिडक्यांखाली लाकडावर काळे ओघळ दिसले तर पाणी झिरपतंय. मागच्या बाजूला उजवीकडे बोटीचा १२ अक्षरी एचआयएन नंबर कोरलेला असतो, फार जुन्या सोडल्या तर बाकी बोटींवर त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे, ते जाहिरातीशी जुळतायत का बघा. आम्ही बघितलेली एक बोट जाहिरातीत दोन वर्षांनी तरुण होती.

मागितलेल्या किमतीला फार भाव देऊ नका. तशाच बोटी खरोखर किती डॉलरला गेल्या याचा डेटाबेस ब्रोकर लोकांना दिसतो, आपल्याला नाही. ते कागद मागून घ्या. आमच्या बोटीवर ३८ हजारांची पाटी होती, तशाच बोटी २९ ते ३४ मध्ये गेलेल्या, तो कागद समोर ठेवूनच आम्ही २९ ची ऑफर टाकली आणि ३२ वर जमलं.

ऑफर म्हणजे नुसता आकडा नाही

ऑफर लेखी असते, करारावर, सोबत साधारण १० टक्के डिपॉझिट, ते ब्रोकरच्या एस्क्रोत जातं, विकणाऱ्याच्या हातात नाही. सर्व्हे, सी ट्रायल (बोट पाण्यात चालवून बघणं), विमा, आणि लोन घेत असाल तर लोन, यातलं काही मनासारखं झालं नाही तर डिपॉझिट परत, हे त्यात लिहिलेलं पाहिजे. आणि तारखा! करारात एक तारीख असते, त्या दिवसापर्यंत तुम्ही बोट स्वीकारली की नाकारली ते लेखी कळवायचं. गप्प बसलं तर काय समजायचं ते त्या त्या करारावर असतं, म्हणून तो परिच्छेद दोनदा वाचा, ब्रोकरला समजावून सांगायला लावा, आणि तारीख फ्रिजवर चिकटवा. सर्व्हेअरची तारीख मिळत नाहीये म्हणून मुदत वाढवायची असेल तर तीही लेखी, दोघांच्या सहीने. फोनवर हो म्हणाला होता, याला काही अर्थ नाही.

काय काय बोटीबरोबर येतं त्याची यादी पण आत्ताच. डिंगी म्हणजे बरोबरची छोटी होडी, तिचं इंजिन, जादाची शिडं, कुशन. बघायला गेलो तेव्हा होतं आणि ताबा घेताना नव्हतं, हे सर्रास होतं.

सर्व्हेचा दिवस

इथे कंजुसी करू नका आणि घरी पण बसू नका. सर्व्हेअर तुम्ही निवडायचा, पैसे तुम्ही द्यायचे, रिपोर्ट तुमचा. ब्रोकरकडून तीन नावं घ्या, एकच नाव देत असेल तर मला शंका येते. सॅम्स आणि नॅम्स या सर्व्हेअरांच्या दोन मोठ्या संघटना, विमा कंपन्या बहुतेक यांच्याच सभासदांचा रिपोर्ट मागतात. खर्च फुटाला साधारण २५ ते ३० डॉलर धरा, बोट पाण्यातून उचलायचा खर्च वेगळा, तोही आपलाच.

आमचं आजोळ हर्णैचं. लहानपणी बंदरावर बघितलंय, कोणी जुनी होडी घ्यायला आला की बरोबर एखादा म्हातारा खलाशी असायचा, तो भावताव करणाऱ्यांच्या जवळ पण जायचा नाही, हातात हातोडी घेऊन एकटाच बुडाखालून फळ्या ठोकत फिरायचा, मधेच थांबून परत तीच फळी ठोकायचा, आणि त्याने तिसऱ्यांदा ठोकली की विकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. आमचा सर्व्हेअर पट्ट्यावर टांगलेल्या बोटीखाली फिरायला लागला तेव्हा मला तोच आठवला. फायबरच्या बोटीला पण तसंच ठोकतात, हातोडी तेवढी फिनॉलिकची. टक् टक् टक् असा कडक आवाज येत जातो आणि मग एका जागी धप्. डेकवर एका स्टँशनच्या, म्हणजे कठड्याच्या खांबाच्या, बुडाशी त्याला असा धप् मिळाला, मग त्याने ओल मोजायचं मीटर लावलं, काटा सरकला, खडूने थाळीएवढा गोल काढला. त्या गोलाच्या आतलं डेकमधलं लाकूड भिजलेलं. मी गप्प. ब्रोकर पण गप्प, तो नुसता वहीत लिहून घेत होता, आणि हे मला फार आवडलं, कारण दुसरा असता तर लगेच म्हणाला असता की एवढं तर सगळ्याच जुन्या बोटींना असतं.

सी ट्रायलच्या आधी एक काम न विसरता करा, इंजिनला हात लावून बघा. गार पाहिजे. गरम असेल तर कोणीतरी तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, आणि जुनं डिझेल गार असताना कसं उठतं हेच तर बघायचं असतं. चालू झाल्यावर मागे जा, धूर बघा आणि एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे लोड जास्त किंवा डिझेल नीट जळत नाहीये. पांढरा थांबला नाही तर पाण्याची किंवा न जळलेल्या डिझेलची भानगड. मग दहा मिनिटं फुल थ्रॉटल, टेंपरेचरवर नजर ठेवून. विकणारा कुरकुर करेल, करू दे.

साधा सर्व्हेअर इंजिन उघडत नाही आणि शक्यतो डोलकाठीवर चढत पण नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. इंजिनचा मेकॅनिक आणि रिगिंगवाला, म्हणजे डोलकाठी आणि तिच्या तारा बघणारा, वेगळे बोलवावे लागतात. बजेट बेताचं असेल तर निदान इंजिन ऑइलचं सॅम्पल लॅबला पाठवा, त्याला फार पैसे लागत नाहीत.

आणि हिवाळ्यात घेत असाल तर बोट यार्डात स्टँडवर उभी असते, इंजिनात अँटीफ्रीझ, सी ट्रायल शक्यच नाही. किंमत तेव्हा कमी होते हे खरं, पण मग करारात लिहून घ्या की एप्रिलमध्ये पाण्यात टाकल्यावर ट्रायल होईल आणि तोपर्यंत अमुक रक्कम एस्क्रोत अडकून राहील. चांगला ब्रोकर हे आपणहून सुचवतो.

रिपोर्ट आल्यावर

२०-२५ पानांचा रिपोर्ट वाचून आमच्या घरात दोन दिवस सुतक होतं. ७० शेरे! मग ब्रोकरने तीन रंगांची पेनं काढली. लाल म्हणजे जिवाशी खेळ किंवा विमा कंपनी अडवेल असं, हिरवं म्हणजे जुनी बोट आहे म्हणून असणारच, आणि निळं म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं आणि पैसे लागणार. लाल निघाले चार, निळे दोन. भाव फक्त या सहांवर करायचा. एक्स्पायर झालेल्या फ्लेअर्सवरून (संकटात इशारा द्यायच्या मशाली) शंभर डॉलर कापायला गेलात तर विकणारा चिडतो, आणि त्या माणसाचा त्या बोटीत जीव अडकलेला असतो हे विसरू नका. डेकच्या दुरुस्तीचं यार्डकडून लेखी एस्टिमेट आणलं, २४०० डॉलर, ते समोर ठेवलं, २००० कमी झाले. दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घेण्यापेक्षा पैसे कमी करून घ्या, तो सगळ्यात स्वस्त माणसाकडून करणार हे उघड आहे.

कागद, आणि आपल्या लोकांना अडणारी एक गोष्ट

इथे ब्रोकरचे पैसे खरे वसूल होतात. बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंटेड, म्हणजे राज्याऐवजी केंद्राकडे नोंदलेली असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल मागवायचं, त्यात आजवरचे मालक आणि नोंदलेली कर्जं दिसतात. राज्याचं टायटल असेल तर त्यावर बँकेचा बोजा आहे का बघायचं. पण कटकट अशी की मरिनाचं किंवा यार्डचं थकलेलं बिल हे बोटीला चिकटतं, मालक बदलला तरी, आणि ते कुठे नोंदलेलं असेलच असं नाही. म्हणून आमच्या ब्रोकरने मरिना, यार्ड, शिडंवाला, सगळ्यांना फोन करून काही बाकी नाही ना ते विचारलं आणि बिल ऑफ सेलमध्ये बोट बोजामुक्त आहे हे लिहून घेतलं.

आता ती गोष्ट. कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन पाच नेट टन आणि वरच्या बोटींना मिळतं, पण मालक अमेरिकन नागरिक पाहिजे. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-१बी तर नाहीच. आपल्यातल्या अर्ध्या लोकांना हे सौदा ठरल्यावर कळतं. बोट घेता येते, राज्याकडे रजिस्टर करायची, काही बिघडत नाही. पण मोठं लोन देणाऱ्या बँका बऱ्याचदा डॉक्युमेंटेशनचाच आग्रह धरतात, मग अडतं. पहिल्याच भेटीत ब्रोकरला आपलं स्टेटस सांगून टाका, लाजायचं काय त्यात.

विम्याचं कोटेशन ऑफर देतानाच मागवा. जुनी बोट आणि नवा मालक हे कॉम्बिनेशन कंपन्यांना आवडत नाही, आमच्याकडे सेलिंगचा अनुभव लिहून मागितला, नशिबाने कोर्स केलेला होता. मेरीलँडचा बोटीवरचा एक्साइज टॅक्स ५ टक्के, तो आधीच बाजूला ठेवा. मरिनातली जागा बोटीबरोबर आपोआप मिळत नाही, ते वेगळं विचारा. आणि उरलेले पैसे वायर करण्याआधी खातेनंबर ब्रोकरला त्याच्या नेहमीच्या फोनवर स्वतः फोन करून तोंडी पडताळा, ईमेलमध्ये नंबर बदलून पैसे पळवणारे बरेच आहेत.

क्लोजिंगच्या दिवशी म्हाताऱ्याने किल्ल्यांबरोबर एक छोटी कागदी पिशवी दिली. आत पाण्याच्या पंपाचा नवा इंपेलर, रबराचा, सहा पात्यांचा. म्हणाला, इंजिन चालू करण्याआधी हा बदल, मग घरी जा. अंगठ्याचं साल काढत दीड तासाने जुना बाहेर काढला तर त्याची दोन पाती गायब. त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, आता ती दोन कुठे आहेत ते शोध. पुढचा अख्खा शनिवार हीट एक्स्चेंजर उघडण्यात गेला, एक पातं तिथे सापडलं, दुसरं होजच्या वळणात.